तेराव्या गड्याचा हिशेब

पुणे, जुलै २०२५

प्रति,
श्री. अलेक्सेइ मोरोझोव,
अध्यक्ष, कॉन्टिनेंटल हॉकी लीग (केएचएल), मॉस्को,
तसेच लीगमधल्या सर्व क्लबांचे व्यवस्थापक आणि मुख्य प्रशिक्षक

प्रत : एनएचएलचे कमिशनर, न्यूयॉर्क



मी पुण्यात राहतो. इथे बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर आणि रसवंतीत. त्यावर उभं राहून कुणी खेळत नाही. तरी गेली सात वर्षं मी आपली लीग नेमानं पाहतो, आणि त्याला मुख्य कारण वेळ. सेंट पीटर्सबर्गला संध्याकाळी सातला पक पडतो तेव्हा आमच्याकडे साडेनऊ झालेले असतात. जेवणं उरकलेली, ओटा पुसून झालेला. उत्तर अमेरिकेतली एनएचएल पाहायची तर दूधवाल्याच्या आधी उठावं लागतं, आणि ते मला डॉक्टरांनी सांगूनही सहसा जमत नाही.

सुरुवात झाली २५ फेब्रुवारी २०१८च्या रविवारी. प्योंगचांग ऑलिंपिकचा अंतिम सामना, रशियाचे खेळाडू आणि जर्मनी. समोर पोह्यांची बशी होती. शेवटचं मिनिट चालू, जर्मनी ३-२ नं पुढे, त्यात रशियाचा एक गडी शिक्षा भोगत बाहेर बसलेला. तशातही बरोबरी झाली, आणि जादा वेळेत वीस वर्षांच्या एका पोरानं पक जाळ्यात घातला. किरिल काप्रिझोव. पोहे गार झाले ते झालेच. त्या दिवसापासून एक वही घातली. त्या वहीमुळेच हे पत्र लिहितो आहे.

माझा भाचा माँट्रियलला असतो. तिथल्या कॅनेडियन्स संघानं जून २०२४ मध्ये इव्हान देमिदोवला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पाचव्या क्रमांकावर उचललं, आणि त्याच रात्रीपासून भाच्याचा एकच प्रश्न : "मामा, तू ती लीग रोज बघतोस, तूच सांग. मिच्कोव भारी की आमचा देमिदोव?" फिलाडेल्फियानं आदल्या वर्षी सातव्या क्रमांकावर घेतलेला मात्वेइ मिच्कोव देमिदोवपेक्षा बरोबर एक वर्ष आणि एक दिवसानं मोठा. एकाचा जन्म ९ डिसेंबर २००४चा, दुसऱ्याचा १० डिसेंबर २००५चा. दोघेही स्का सेंट पीटर्सबर्गच्या तालमीत वाढलेले. तुलना करायला यापेक्षा सोयीची जोडी कुठली मिळणार?

म्हणून वही उघडली. काप्रिझोव, २०१६-१७, उफाच्या सालावात युलायेवकडून : ४९ सामने, ४२ पॉइंट (गोल आणि गोलाला हात देणारे असिस्ट मिळून). मिच्कोव, २०२३-२४, सोचीकडून : ४७ सामने, ४१ पॉइंट. देमिदोव, २०२४-२५, स्काकडून : ६५ सामने, ४९ पॉइंट. म्हणजे वीस वर्षांखालच्या खेळाडूचा एका मोसमातला विक्रम काप्रिझोवच्या हातून देमिदोवच्या हाती. भाच्यानं फोनवर शिट्टी वाजवली. मग मी भागाकार केला. दर सामन्याला मिच्कोव ०.८७, काप्रिझोव ०.८६, देमिदोव ०.७५. विक्रमवीर तिघांत शेवटचा! भाचा दोन दिवस बोलला नाही.

आता अध्यक्ष महोदय, दुसरा भागाकार उरतो, मिनिटांचा. तिथे माझी वही अडते आणि आपला संबंध येतो.

मराठी वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. एनएचएलमध्ये सामन्याला गोलरक्षक सोडून १८ गडी उतरवता येतात : बारा फॉरवर्ड, सहा बचावपटू. आपल्या लीगमध्ये २०. या दोन वाढीव जागांतून एक अजब प्राणी जन्माला आला आहे, तेरावा फॉरवर्ड. बारा जण तीन-तीनच्या चार लायनींत फिरतात आणि हा तेरावा बाकाच्या टोकाला बसतो. कुणाचा बूट तुटला, कुणाला दम लागला, की याला एक फेरी. आमच्या क्रिकेटमधल्या बाराव्या गड्याचा हा चुलतभाऊ म्हणा. फक्त एक फरक आहे आणि तो मोठा आहे. बारावा गडी पाणी नेतो, टॉवेल नेतो, पण तो सामना त्याच्या खात्यात कुणी मांडत नाही. त्याची सरासरी शाबूत राहते. तेराव्या फॉरवर्डनं चाळीस सेकंदांसाठी बर्फावर पाय टेकवला की त्याच्या नावावर एक पूर्ण सामना लागतो. पॉइंट शून्य. भागाकारात भाजक एकनं वाढला.

गेल्या मोसमात स्कानं देमिदोवला याच जागेवर किती वेळा बसवलं ते आपल्या कार्यालयाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. प्रत्येक सामन्याच्या अधिकृत तक्त्यात मिनिटं छापलेली असतातच. कित्येक रात्री मी मोबाइलवर घड्याळ लावून बसलो आणि पहिल्या सत्रात ते एकदाही सुरू करावं लागलं नाही. पुढे त्याला वरच्या लायनीत खेळवलं, संख्याधिक्याच्या वेळी मैदानात ठेवलं, आणि पॉइंट धबाधबा पडले. मुलगा तोच होता. ऑक्टोबरमध्ये त्याचे हात आखडले होते आणि जानेवारीत सुटले, असं काही झालेलं नाही.

शिवाय मिनिट आणि मिनिट यांतही फरक असतो. चौथ्या लायनीत दोन थोराड पहिलवानांबरोबर भिंतीला अंग घासत काढलेलं मिनिट आणि पाच विरुद्ध चार असताना पक पायाशी घेऊन काढलेलं मिनिट, दोन्ही साठ सेकंदांचीच. सातव्या क्रमांकावर येऊन शेवटचे पाच चेंडू खेळणाऱ्या फलंदाजाची सरासरी सलामीवीराशी ताडून पाहणाऱ्याला आमच्या कट्ट्यावर चहासुद्धा मिळत नाही. हॉकीत मात्र हे बिनदिक्कत चालतं, आणि त्या आकड्यांवर एकोणीस वर्षांच्या मुलांचं बाजारमूल्य ठरतं.

आकडे उलटे बोलल्याची उदाहरणं आपल्याच लीगमध्ये आहेत. २०११-१२ मध्ये सीएसकेएकडून एका मुलाला १८ सामने मिळाले. एक गोल, चार असिस्ट. टॅम्पा बेनं त्याला दुसऱ्या फेरीत ५८व्या क्रमांकावर घेतलेलं होतं. तो कंटाळून क्वेबेकच्या ज्युनिअर लीगमध्ये निघून गेला. नाव निकिता कुचेरोव. २०१८-१९ मध्ये त्यानं एनएचएलमध्ये १२८ पॉइंट काढून सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, आणि २०२३-२४ मध्ये १४४. त्या पाच पॉइंटांवरून कुणी काय ओळखलं असतं? उलट बाजूला विताली क्राव्त्सोव. २०१८च्या बाद फेरीत चेल्याबिन्स्कच्या ट्राक्टरकडून १६ सामन्यांत ११ पॉइंट. त्याच क्लबच्या कुझनेत्सोवशी त्याची तुलना झाली, न्यूयॉर्क रेंजर्सनं नवव्या क्रमांकावर उचललं. न्यूयॉर्कला बस्तान बसलं नाही, व्हँकुव्हरलाही नाही, २०२३ मध्ये तो परत चेल्याबिन्स्कला आला. त्यात त्याचा किती दोष आणि बर्फाच्या मापातल्या, भाषेतल्या, स्वभावातल्या फरकाचा किती, हे पुण्यात बसून मी सांगणार नाही. एवढंच म्हणतो की सोळा सामन्यांच्या ढिगावर उभं राहून पोराला फार उंच दाखवू नये.

बचावपटूंचं तर बोलायलाच नको. दिमित्री सिमाशेव २०२३ला सहाव्या क्रमांकावर गेला, म्हणजे मिच्कोवच्या एक घर आधी, आणि त्याच यारोस्लाव्लच्या लोकोमोतिवचा फॉरवर्ड दानिल बूत बाराव्यावर. सिमाशेवच्या पॉइंटांची संख्या पाहून भाचा हसला होता. मी त्याला म्हटलं, अरे, कुलूप किती वेळा उघडलं यावर कुलपाची किंमत करतोस का? २०२५च्या वसंतात लोकोमोतिवनं पहिल्यांदा लीगचा गागारिन चषक जिंकला आणि हे दोघेही त्या संघात होते. २०११च्या ७ सप्टेंबरला ज्या क्लबचा अख्खा संघ विमान अपघातात गेला, त्या क्लबनं हा चषक उचलताना पाहून मी त्या रात्री उशिरापर्यंत जागा होतो. वहीत काहीच लिहिलं नाही.

आता मुद्द्याचं. काप्रिझोव घडला कुठे? नोवोकुझनेत्स्कला. सैबेरियातलं कोळशाचं आणि पोलादाचं गाव, गरीब क्लब, तक्त्याच्या तळाशी कायमचं घर. १७ वर्षांचा असताना त्याला तिथे ३१ सामने मिळाले, पॉइंट फक्त आठ. पुढच्या वर्षी ५३ सामने, २७ पॉइंट. त्या क्लबकडे दुसरं कुणी नव्हतं, म्हणून पोराला बर्फ मिळाला! मिनेसोटानं त्याला २०१५ मध्ये पाचव्या फेरीत १३५व्या क्रमांकावर घेतलं. एकशे चौतीस नावं त्याच्या आधी पुकारली गेली. आठ पॉइंटांकडे पाहणाऱ्यांना तो दिसला नाही. सर्गेइ बोब्रोव्स्की याच गावचा, दिमित्री ओर्लोव याच गावचा, इल्या सोरोकिनही याच क्लबातून पुढे गेला. आणि २०१७ मध्ये लीगनं या क्लबला बाहेर काढलं. कारणं होती : पैसा नाही, निकाल नाहीत, संघांची संख्या कमी करायची. तेव्हा आपण अध्यक्ष नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण जी विहीर गावाला पाणी देते तिचा काठ फुटलाय म्हणून ती बुजवून टाकावी, तसला हा कारभार झाला.

विहीर बुजली तरी झरा आटत नाही, हे सोचीनं दाखवलं. २०२२च्या डिसेंबरात स्कानं मिच्कोवला सोचीला उसना दिला. सोची म्हणजे तेव्हा तळाचा संघ. तिथे २७ सामन्यांत त्याचे २० पॉइंट झाले, पुढच्या मोसमात वर सांगितलेले ४१. मग करार संपायच्या दोन वर्षं आधी त्याला मोकळं केलं गेलं आणि २०२४-२५ मध्ये फिलाडेल्फियाकडून त्यानं ८० सामन्यांत २६ गोल, एकूण ६३ पॉइंट काढले. देमिदोवच्या वाट्याला सोची आलं नाही. त्याला घरातच ठेवलं, पाटावर बसवलं आणि ताट मात्र उशिरा वाढलं. स्का बाद फेरीत पहिल्याच टप्प्यात गारद झाला, एप्रिलमध्ये देमिदोव सुटला आणि १४ तारखेला माँट्रियलला पहिल्याच सामन्यात एक गोल, एक असिस्ट. त्या दिवशी मी दूधवाल्याच्या आधी उठलो होतो.

तेव्हा भाच्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की मिच्कोव आणि देमिदोव यांची तुलना मी करतच नव्हतो. मी सोची आणि स्का यांची तुलना करत होतो.

क्लबांच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. एखाद्या क्लबनं मुलाला दहाव्या वर्षापासून स्केट दिले, प्रशिक्षक दिला, वसतिगृह दिलं. अठराव्या वर्षी अमेरिकेतल्या मंचावर त्याचं नाव पुकारतात, टोपी घालतात, आणि एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी करार संपताच तो जातो. क्लबच्या हाती काय येतं? काही नाही. रशिया आणि एनएचएल यांच्यात खेळाडूंच्या बदलीचा करार दोन दशकांपूर्वीच तुटला. परस्परांचे करार मानायचे एवढा जो समजुतीचा कागद होता, तोही युक्रेनवरच्या आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये एनएचएलनं बासनात गुंडाळला. त्या युद्धाबद्दल मला काय वाटतं ते या पत्राचा विषय नाही, पण ज्यांनी संबंध तोडले त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तरी परिणाम उरतोच. पुढल्या वर्षी जो दुसऱ्याच्या अंगणात खेळणार, त्याला आपल्या खर्चानं या वर्षी खेळवायचं कशाला, असा विचार एखाद्या प्रशिक्षकाच्या मनात आला तर तो माणूस दुष्ट ठरत नाही. पिकाचा भाव शून्य ठेवला की शेतकरी त्या वाफ्याला पाणी सोडत नाही, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून प्रत न्यूयॉर्कला. ड्राफ्टमध्ये घेतलेल्या रशियन खेळाडूवरचा हक्क वर्षानुवर्षं जपून ठेवायचा आणि घडवणाऱ्याला छदाम द्यायचा नाही, हा व्यवहार बसून बोलण्यासारखा आहे. आज ती वेळ नसेल, पण मसुदा तयार असायला काय हरकत आहे?

अध्यक्ष महोदय, हे सगळं आपल्याला दुसऱ्या कुणी सांगावं याचीच गंमत वाटते. १९९५ मध्ये पिट्सबर्गनं पहिल्या फेरीत २४व्या क्रमांकावर निवडलेला मॉस्कोचा मुलगा म्हणजे आपणच. मग ४५१ एनएचएल सामने, नागानोचं रौप्यपदक, परत येऊन कझानच्या अक बार्सचं कर्णधारपद. अटलांटिकच्या अल्याड-पल्याड दोन्हीकडच्या बाकांवर आपण बसला आहात. एका फेरीसाठी अंग गरम ठेवत बसलेल्या मुलाचे पाय कसे जड होतात ते मी वाचून लिहितो, आपण भोगून जाणता.

खुल्या पत्राची परंपराही आपल्याच हॉकीतली. १९८८ मध्ये इगोर लारिओनोवनं 'ओगोन्योक' साप्ताहिकात आपल्या प्रशिक्षकाला, खुद्द व्हिक्टर तिखोनोवला, जाहीर पत्र लिहिलं. वर्षातले बहुतेक महिने बराकीत डांबून ठेवण्याबद्दल, बायकामुलांपासून तोडण्याबद्दल. सोव्हिएत काळात, सैन्याच्या क्लबात असताना! व्हँकुव्हरनं त्याला १९८५ मध्येच ड्राफ्टमध्ये २१४व्या क्रमांकावर घेऊन ठेवलं होतं. जायला मिळालं १९८९ मध्ये. तोच लारिओनोव २०२५ मध्ये स्काचा मुख्य प्रशिक्षक झाला. बाकावर वर्षं गेलेल्या मुलाला काय वाटतं हे त्याला मी लिहून कळवणं म्हणजे काशीला जाऊन गंगाजल विकणं.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. अलेक्सेइ चेरेपानोव. ओम्स्कच्या आवानगार्दचा पोर. पदार्पणाच्या मोसमात १८ गोल करून त्यानं पावेल बुरेचा विक्रम मोडला होता. तेव्हाही तुलनांना ऊत आला होता. न्यूयॉर्क रेंजर्सनं २००७ मध्ये त्याला १७व्या क्रमांकावर घेतलं. १३ ऑक्टोबर २००८ रोजी, आपल्या लीगच्या पहिल्याच मोसमात, चेखोव्ह गावच्या सामन्यात तो बाकावर कोसळला. रुग्णवाहिका सामना संपायच्या आधीच निघून गेलेली, हृदयाला झटका द्यायच्या यंत्राची बॅटरी उतरलेली. वय एकोणीस. त्यानंतर लीगनं वैद्यकीय नियम कडक केले आणि क्लबांना ते पाळावे लागले. सर्वोत्तम नवोदिताला दिला जाणारा आपला पुरस्कार त्याच्या नावाचा आहे. म्हणजे क्लबांना नियमानं बांधता येतं, मन असलं की.

तर एक नियम करा. वीस वर्षांखालचा खेळाडू लागोपाठ पाच सामन्यांत पाच मिनिटांच्या आत राहिला, तर सहाव्या सामन्याआधी त्याला उसनं जाण्याचा हक्क मिळावा. हक्क मुलाचा, क्लबच्या मर्जीवर नको. घेणाऱ्या क्लबनं पगाराचा वाटा उचलावा. सोची असेल, व्लादिवोस्तोक असेल, तळाच्या संघांना असा पोर नको असं होणार नाही. त्यांच्या रिकाम्या खुर्च्याही भरतील. पाच आणि पाच हे आकडे माझे. आपण सात करा, तीन करा, पण कागदावर काहीतरी आकडा येऊ द्या. बलाढ्य क्लब कुरकुरतील. ज्या क्लबकडे तीन लायनी राष्ट्रीय संघाच्या आहेत तो म्हणेल, आमच्याकडे सरावातच पोर शिकतो. सरावात पोहायला शिकतो हे खरं, पण काठावर बसवून पोहण्याची शर्यत मोजू नका. नवोदितांची जी यादी काढता, तीही पॉइंटांच्या क्रमानं लावण्याऐवजी खेळलेल्या मिनिटांच्या क्रमानं लावून पाहा. कुठल्या क्लबानं कुणाला उन्हात ठेवलं आणि कुणाला सावलीत, ते पहिल्याच यादीत दिसेल. मला वाटतं ही यादी काही क्लबांना नियमापेक्षा जास्त बोचेल.

नोवोकुझनेत्स्कचा संघ अजून खालच्या लीगमध्ये खेळतो आहे. त्याला परत वर घ्या असं मी म्हणत नाही; पैशांचं गणित मला कळत नाही. वरच्या क्लबांतली बाकावरची पोरं तिथे मोसमाच्या मध्यावर सहज जाऊ-येऊ शकतील एवढी वाट रुंद करा.

सप्टेंबरात नवा मोसम सुरू होईल. भाच्यानं आत्तापासूनच पुढच्या ड्राफ्टची नावं पाठवायला सुरुवात केली आहे, शेजारी-शेजारी मांडून, पॉइंटांसकट. मी वहीत नवं पान आखलं आहे. नाव, क्लब, कितवी लाइन, मिनिटं. पॉइंटांचा रकाना सगळ्यात शेवटी, समासाला चिकटून, दोन बोटं रुंद.

आपला,
रात्री साडेनऊचा एक प्रेक्षक